स्मरणपेटी आणि तीनशे बारा नावे, यांची बखर

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि तिसरे नमन थंडीस, की जिच्यावाचून या हकीकतीतला एक कण जागचा हलला नसता आणि जागी राहिलाही नसता. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशी महाराजांची आज्ञा जाहली, तेथून मजकूर सुरू होतो. राज्य कोणते, हे पुसू नये. राज्य होते, दरबार होता, दरबारात शहाणे होते आणि बाकीचेही होते, इतके पुरे.

त्या राज्याची चाल ऐसी की, बारा वर्षांमागे मोठ्या नदीच्या उतारावर लढाई जाहली, तीत तीनशे बारा माणूस कामास आले, त्यांची नावनिशी दप्तरी लिहिली होती, आणि दरसाल वैशाख वद्य द्वितीयेस, म्हणजे लढाईचे दिवशी, ती भर दरबारात वाचीत, आणि ज्याचे नाव निघेल त्याचे घरचे माणूस उभे राहोन "हजर" म्हणे. कोणाची आई म्हणे, कोणाचा भाऊ म्हणे, आणि मग पुढचे नाव निघे. परंतु दप्तरास वाळवी लागली. आदले साली वाचणारा वाचता वाचता अडला, पान उन्हाकडे धरोन पाहिले तो आरपार ऊन दिसले, अकरा नावे गेली. त्यांतल्या नऊ घरची माणसे उभी राहिली, वाट पाहिली, आणि कोणी हाक मारीना म्हणोन खाली मान घालून निघोन गेली. हे महाराजांचे जिवास फार लागले. महाराज मनाचे थोर, पण उतावळे. ते म्हणाले, "कागदास वाळवी, दगडास ऊन-पाऊस, मग टिकते तरी काय?" तो दरबारी मंडळींनी निंबाजीपंतांकडे पाहिले, आणि पंतांनी छाती पुढे काढली.

निंबाजीपंत म्हणजे शीतशाळेचे मुख्य. वय अठ्ठावन्न, अंगाने सडपातळ, नाक सरळ आणि स्वभाव नाकाहून सरळ, ऐसी ख्याती. त्यांचा एकुलता एक मुलगा विसाजी त्याच लढाईत कामास आला, नावनिशीत त्याचे नाव दोनशे चाळिसावे, आणि त्यास "हजर" म्हणावयास दरसाल पंतांचे कुटुंब भागीरथीबाई उभ्या राहात. पंतांस ते जमत नसे. त्यांचा आवाज फुटत नसे.

आता शीतशाळेत काय चाले ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे काही उमजावयाचे नाही. तेथे एकीसारखी दुसरी ऐशा वीस पेट्या होत्या, एकेकीतली सगळी हवा ओढून काढिली होती, आणि तीत अतिसूक्ष्म कण इतके थंड करीत की हिमालयाचे बर्फ त्यापुढे चुलीवरचे म्हणावे. मग भिंगे आणि आरसे लावून उजेडाच्या धारा समोरासमोर सोडीत, त्या उजेडाच्या लाटेत खळगे पडत, आप्प्यांच्या तव्यास असतात तसे, पण एका ओळीत, आणि एकेका खळग्यात एकेक कण बसवीत. कोणता खळगा भरला आणि कोणता रिता ठेविला, यावरून अक्षरे ठरविली होती. चोवीस खळग्यांत एक नाव मावे. हे कण मोठे लबाड. खळग्याची कड चढावयाचे बळ अंगी नसले तरी कडेच्या आरपार पलीकडे निघतात, कसे ते त्यांचे त्यांस ठाऊक. सगळे खळगे सारखे खोल असले तर पाहता पाहता सारी ओळ मिसळोन जाते, आणि आरंभी कोण कोठे बसला होता याचा माग राहात नाही. तेच खळगे कमीजास्त खोल केले, एक उथळ, एक खोल, एक मध्यम, कसलाही मेळ नाही, तर एकटा कण जागचे जागी अडकून बसतो. इतके जुन्या शास्त्रीमंडळींनी सिद्ध केले होते, त्यात वाद नव्हता.

वाद पुढे होता. ओळीत कण एकटा नसतो. शेजारी आला की एकमेकांस रेटा देतात, मग काय होते? सात वर्षांमागे दरबारात नरहरशास्त्री नामे विद्वान उभे राहिले आणि म्हणाले, "एकटा माणूस रुसून घरात बसेल, पण गल्लीत चार जण बोलू लागले की तोही दार उघडून बाहेर येतो. कण तसेच. रेटारेटी आहे तेथे आज ना उद्या सगळे मिसळणार." निंबाजीपंत म्हणाले, "खळगे पुरते वेडेवाकडे असले तर कितीही रेटोत, कोणी हलावयाचे नाही. बसविले तसे बसोन राहतील, आणि आम्ही ते दाखवू." आणि पंतांनी दाखविले. चोवीस खळग्यांच्या ओळी केल्या, कण एकाआड एक बसविले, चाळीस दिवस पेटी बंद ठेविली, मग उघडून दिवा लाविला, तो कण एकाआड एक तसेच. ऐसे एकदा नव्हे, दोनशे वेळा केले. नरहरशास्त्री मूग गिळून बसले, मग दरबार सोडोन आपल्या गावी मुले शिकवावयास गेले. पंतांस पालखीचा मान मिळाला आणि पेटीस स्मरणपेटी नाव पडिले.

तर महाराजांची आज्ञा जाहली ती ऐसी: तीनशे बारा नावे, म्हणजे साडेसात हजारांस थोडे कमी इतक्या खळग्यांची एकच ओळ करोन, स्मरणपेटीत बसवावी, चैत्र पाडव्यास वाळवीने खाल्लेले दप्तर वाजतगाजत नदीत सोडावे, आणि पुढे दरसाल पेटीपुढे उभे राहोन सगळ्यांनी एकदम "हजर" म्हणावे. पेटीत एक खोड होती. दिवा लावून पाहिले की ओळ मोडे, म्हणोन ती शंभर वर्षांत एकदाच उघडावी, ऐसे ठरले. अकरा गेलेल्या नावांची जागा तूर्त रिती ठेवावी, पुढे कोठे सापडली तर पाहू, ऐसे महाराज म्हणाले. भागीरथीबाईंस आनंद जाहला. त्यांनी पंतांस ओवाळिले आणि म्हणाल्या, "तुमच्या विद्येचे सोने झाले. माझ्यामागे माझ्या विसूचे नाव कोण घेईल म्हणून जीव तुटत होता, तो घोर गेला."

पौषात संक्रांत आली. पंत पालखीत बसोन तिळगूळ वाटावयास निघाले, आणि वाटेत सोमाजी गुरव यांचे घरी उतरले. सोमाजी म्हणजे शीतशाळेचे कवडीवाले. खळगे वेडेवाकडे करावयाचे तर त्यात माणसाची आवडनिवड येऊ नये, म्हणोन सात कवड्या टाकीत, जितक्या उताण्या पडतील तितका खळगा खोल, आणि हे काम सात वर्षे सोमाजींचे हाती. हात हलका, मन साफ, सारीपटाचा नाद मोठा. पंत गेले तेव्हा ओसरीवर उन्हात पट मांडला होता, सोमाजी आणि त्यांचे व्याही खेळत होते. व्याह्यांस चार पडिले, पुन्हा चार पडिले, तिसऱ्याने पुन्हा चार पडिले, आणि ते उठोन नाचू लागले, तो सोमाजींनी कवड्या उचलल्या आणि म्हणाले, "बसा खाली! लागोपाठ तिसऱ्यांदा तेच. तिळे झाले. जळाले तुमचे दान. पुन्हा टाका." त्या प्रांती पटाची रीतच तशी. पंत हसले आणि सहज म्हणाले, "सोमाजीबोवा, तुमचा न्याय कडक." सोमाजी म्हणाले, "न्याय तो न्याय, पंत. घरी एक आणि शाळेत एक, असे आपल्याजवळ नाही."

पंतांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. ते म्हणाले, "शाळेत म्हणजे?"

"म्हणजे शाळेतही तिळे आले की जाळतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. जळालेले दान कोण धरतो हो? दर दोन ओळींत एकदा तरी येतेच मेले. उचलतो आणि पुन्हा टाकतो. का? काही चुकले का?"

पंत म्हणाले, "नाही. चूक तुमची नाही," आणि पालखीत न बसता पायीच घरी निघाले. भोई मागून रिकामी पालखी घेऊन चालले, आणि लोक पाहात राहिले.

पंत पायी का निघाले, ते ऐका. तीन खळगे लागोपाठ सारखे खोल पडिले की तेवढी जागा सपाट जाहली. त्या तिघांतले कण तर मोकळे फिरणारच. ते फिरता फिरता शेजारच्यास रेटणार, शेजारचा सैल होणार आणि त्यांच्यात मिळणार, मग चौघे मिळोन पाचव्यास रेटणार, आणि जितके मिळाले तितका रेटा मोठा. सात वर्षे पेटी न विसरली ती खळग्यांच्या गुणाने की सोमाजींच्या पटाच्या रीतीने, हेच आता कळेना. ज्या ओळींनी उत्तर दिले असते त्याच नेमक्या मांडण्याआधीच जाळल्या होत्या. तीन सारख्यांची ती जागा नरहरशास्त्र्यांच्या बाजूची साक्ष होती, आणि पंतांनी ती कधी बोलूच दिली नव्हती.

आता खरे सांगावयाचे तर पंतांचे मनात दुसरेही आले. पेटी शंभर वर्षे उघडावयाची नाही. दिवा लावील तेव्हा पंत नाहीत, महाराज नाहीत, विचारणारा कोणी नाही. पालखी आहे, मान आहे, आणि मूग गिळावयाची पाळी या वेळी आपली, इतकेच. तीन दिवस पंत जेवले नाहीत नीट. चौथे दिवशी दिवेलागणीस भागीरथीबाई दूध निववून विरजण लावीत होत्या, तेव्हा पंत चुलीपाशी पाटावर येऊन बसले आणि सगळे सांगितले. बाईंस खळगे ठाऊक नव्हते, रेटा ठाऊक नव्हता, पण त्यांनी दुधात चमचाभर दही सोडिले, हात तसाच थांबला, आणि म्हणाल्या, "म्हणजे हेच की. एवढेसे टाकले, की सकाळी सगळे भांडे."

पंत म्हणाले, "हेच."

"आणि साडेसात हजार खळग्यांत असे चमचे किती?"

"शेकड्यांनी."

बाईंनी भांडे झाकिले. मग म्हणाल्या, "आणि माझ्या विसूचे नाव त्यात विरघळून गेल्यावर मला कोण सांगणार होते? शंभर वर्षांनी उघडणारा?" बाईंस रडू आले, पण रडता रडताच त्या संतापल्या, आणि म्हणाल्या, "पालखी तुमची, तिचे काय करायचे ते तुम्ही बघा. कागद माझा आहे. त्याला नदीत टाकू नका म्हणून सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते." आणि बाई गेल्याही असत्या. तसल्याच होत्या त्या.

दुसरे दिवशी पंत दरबारात गेले आणि पागोटे काढोन पायाशी ठेविले. महाराजांनी सर्व ऐकिले. ऐकता ऐकता चेहरा लाल जाहला, आणि ते म्हणाले, "सात वर्षे आम्हांस पटाच्या कवड्यांनी फसविले म्हणता? मुलूखभर डांगोरा पिटला, पाडव्याचे आमंत्रण चहूंकडे गेले, आणि आता तुम्हांस संक्रांतीचा तिळगूळ बाधला?" सोमाजी गुरव कोपऱ्यात उभे होते. पंत म्हणाले, "सोमाजींचा अपराध नाही. टाकायचे कसे हे त्यांना मी सांगितले, उचलायचे नाही हे सांगायचे राहिले. सरकार, चाळीस दिवस द्यावेत. वीस ओळी मांडतो. कवडी पडेल तशी धरतो. मग सरकारांनीच दिवा लावावा." महाराज म्हणाले, "नाव कोणते मांडणार?" पंत म्हणाले, "माझ्या मुलाचे. दुसऱ्या कोणाचे मांडायचा मला अधिकार नाही." महाराजांनी हाताने होकाराचा इशारा केला.

माघ वद्य पंचमीस वीस ओळी मांडिल्या. सोमाजी कवड्या टाकीत, तिळे आले की त्यांचा हात आपोआप पुढे जाई, आणि पंत म्हणत, "राहू द्या." ऐसे अकरा ओळींत जाहले. नऊ ओळी तिळ्यावाचून निघाल्या. वीसही ओळींत विसाजीचे नाव बसविले आणि पेट्या बंद केल्या.

फाल्गुन वद्य अमावस्येस चाळीस दिवस भरले. अमावस्या होती खरी, पण मुहूर्त पाहावयाचे कोणास सुचले नाही. भर दुपारी दरबार भरला, भागीरथीबाई पडद्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि महाराजांनी आपल्या हाते दिवा लाविला. पहिल्या पेटीत तिळे नव्हते, तीत नाव स्वच्छ निघाले. सभेत कुजबुज जाहली. दुसऱ्या पेटीत नवव्या, दहाव्या आणि अकराव्या खळग्यास चार-चार-चार पडिले होते. तेथे दिवा लाविला, तो आरंभीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर बरे होते, आणि मधले गेले होते. कण सगळे होते, एकही हरवला नव्हता, पण भरला खळगा कोणता आणि रिता कोणता ते सांगता येईना. वाचणारा म्हणाला, "वि... पुढे लागत नाही." पुढच्या पेटीत तेवढेही लागेना. अकरा ओळींपैकी दहांची हीच गत. पंत प्रत्येक पेटीपाशी जाऊन स्वतः पाहात होते, आणि अकरावीपाशी त्यांनी कपाळ पेटीच्या कडेस टेकविले. संक्रांतीस मनात आलेले भय खरे जाहले होते, आणि खरे ठरल्याचे त्यांस सुख नव्हते.

महाराज उतावळे म्हटले ते खोटे नाही. त्यांनी लगेच तोड काढिली. म्हणाले, "सोपे आहे! नऊ ओळी टिकल्या. तिळे जाळीत जा, पहिल्यासारखे, आणि साडेसात हजार खळगे करा. विधीच म्हणा त्यास." दरबारी मंडळींनी माना डोलविल्या, डोलवावयास त्यांस काय लागते. पंतांस होय म्हणणे सोपे होते. पालखीही राहिली असती. ते म्हणाले, "सरकार, नवांपैकी ही सहावी पाहावी." सहावीत तिळे नव्हते, चार, चार आणि शेजारी तीन, इतकेच होते. तेथे एक खळगा भरलेला असावा तो निम्मा रिता, आणि रिता असावा तो निम्मा भरलेला. नाव वाचता येत होते, पण कीड लागली होती. पंत म्हणाले, "चाळीस दिवसांत इतके. शंभर वर्षांत किती? आज तिळे जाळायचे, उद्या तिळ्यासारखे दिसते ते जाळायचे. काय जाळायचे ते ठरवता ठरवता टाकायला कवडी उरणार नाही. लहान ओळीत थोडे दिवस पाहिले आणि कायमचे म्हणून सांगितले, ही माझी चूक. ती सरकारांनी पुढे चालवू नये."

महाराजांनी दिवा मालविला. मग म्हणाले, "पालखी जमा करा. दप्तर नदीत जाणार नाही. आणि पंत, आजपासून दरसाल ती नावनिशी तुम्ही आपल्या हाताने नवी लिहायची. वाळवी जुनी खाईल तोवर नवी तयार पाहिजे." ही शिक्षा होती की काय, ते महाराजांनी सांगितले नाही, आणि पंतांनी विचारले नाही.

पंतांनी नरहरशास्त्र्यांस पत्र पाठविले, त्यात जाहले ते सगळे लिहिले आणि क्षमा मागितली. शास्त्र्यांचे उत्तर चार ओळींचे आले: पत्र पावले, मुलाच्या नावाचे वाचून वाईट वाटले, आपलेही म्हणणे सगळे खोटे नाही, खळगे आणखी खोल-उथळ करून पाहावे, एखाद्या मर्यादेपलीकडे चमचाभर दही असूनही दूध तसेच राहते की काय, ते मलाही ठाऊक नाही, मुलांच्या सुट्टीत येतो. मग ते आले आणि दोघे पेटीपाशी बसोन भांडू लागले. ती मर्यादा आहे की नाही, आणि असली तर कोठे, हे त्या दोघांच्या हयातीत ठरले नाही. इतके दिसले की खळगे जितके वेडेवाकडे तितका विसर सावकाश, इतका सावकाश की माणसाचा धीर आधी संपतो.

राहिली अकरा नावे. पंत पायी हिंडले. नऊ घरे सापडली, घरच्यांनी नावे सांगितली, एका म्हातारीने तर नावासंगे तो कोणती भाजी खात नसे तेही सांगितले. दोघांचे मागे कोणी उरले नव्हते. त्यातल्या एकाचे नाव शेजाऱ्याने सांगितले, आणि तोच शेजारी पुढे "हजर" म्हणावयास कबूल जाहला. दुसऱ्याचे नाव एका गावच्या पाराशी बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी आपसांत पुष्कळ वाद घालून ठरविले: रायाजी तेली. शपथेवर सांगावयास चौघेही तयार, पण त्याच्यासाठी उभे राहावयास कोणी नाही. पंतांनी ते तीनशे बारावे म्हणोन लिहिले.

शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, वैशाख वद्य द्वितीयेस दरबार भरला आणि नव्या कागदावरून निंबाजीपंत वाचू लागले. दोनशे चाळिसाव्या नावाशी आवाज फुटेना. सभा थांबली. मग पंत म्हणाले, "विसाजी निंबाजी," आणि भागीरथीबाई उभ्या राहोन म्हणाल्या, "हजर." पुढे नावे चालली. शेवटी पंतांनी वाचिले, "रायाजी तेली." कोणी बोलेना. पंतांनी दुसऱ्यांदा वाचिले. मग महाराज गादीवरून उठले.

एकूण इतकी हकीकत. स्मरणपेटी सात वर्षे चालली, दोनशे ओळींत तिळे दान आले तेथे जाळिले, दप्तर नदीत गेले नाही, निंबाजीपंत पुढे अकरा वर्षे पायी हिंडले आणि अकरा वेळा नावनिशी लिहिली. वाळवी अजून आहे. कोणत्या शाळेत कोणते दान उचलतात ते त्या त्या शाळेने पाहावे. सोमाजी गुरव घरच्या पटावर तिळे अजून जाळतात. रायाजी तेली यास पहिल्या साली खासा महाराज "हजर" म्हणाले, दुसरे साली त्यांचे आधी सोमाजी म्हणाले, आणि आता ते नाव निघाले की कोण म्हणते ते कळत नाही, इतके जण उभे राहतात.